मिशी गेली ती सकाळ

आबांची अट सरळ होती. तीन दिवस वस्तरा स्वतःच्या तोंडावर चालवायचा. तिसऱ्या दिवशी रक्ताचा थेंब दिसला नाही, तरच त्यांच्या गळ्याला हात लावायचा.

आबा म्हणजे माझे वडील, लष्करातून निवृत्त झालेले. रोज सकाळी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून ते आरशाशिवाय दाढी उरकायचे. साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून चार दिवसांसाठी माझ्याकडे माधवनगरला आले आणि तिथंच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. सांगलीच्या दवाखान्यात दहा दिवस काढून मी त्यांना गिरणीजवळच्या माझ्या खोलीवर आणलं. न्हावी बोलावला तर त्यांनी डाव्या हातानं त्याची पेटी ढकलून दिली. जन्मात कुणाच्या हातात गळा दिला न्हाई, म्हणाले. पांढरे खुंट वाढत गेले आणि ते भिंतीकडे तोंड करून पडू लागले.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. "ह्या तोंडानं तिला भेटायचं न्हाई," आबांनी बजावलं होतं. म्हणून गावातल्या दुकानात फोन करून मी तिला एवढंच सांगत राहिलो, की तब्येत जरा बरी नाही, काळजी करू नको. मी एक नंबरचा गाढव. आमच्याकडे माणूस गेला की फोनवर हेच सांगतात. शेवटी तिचाच निरोप आला. दोन म्हशी शेजारणीवर सोपवून ती शुक्रवारी निघणार होती, अकराच्या सुमारास सांगली स्टँडवर उतरणार होती. त्या निरोपानंतर आबा भिंतीकडून वळले आणि वस्तरा शिकवायला तयार झाले. आईला ते आजारी म्हाताऱ्यासारखे दिसायला नको होते.

"कातडं ताण. पातं निजवून धर. आडवं सरकलं की चिरलंच."

पहिल्या दिवशी चार ठिकाणी चिरलं. तुरटी लावताना मी शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी हनुवटीवर एकच. तिसरा दिवस शुक्रवार. गाल झाले, गळा झाला, रक्त नाही. मग नाकाखाली पात्याचं टोक जरा वर गेलं आणि मिशीचा उजवा कोपरा साबणाबरोबर खाली आला.

मी डावा कोपरा कमी केला. तो जास्त गेला. मग पुन्हा उजवा. दोन मांजरांच्या भांडणात माकडानं लोणी वाटलं, तशी माझी मिशी मी वाटून संपवत आणली. नाकाखाली माशीएवढं काहीतरी उरलं. माझा राग मुळातच नाकावर. एका फटक्यात तेही उडवलं आणि फुशारकीनं वळलो.

"बघा आबा, रक्त न्हाई."

आबा माझ्या ओठाकडे बघत राहिले.

"मी हाय न्हवं अजून?" ते म्हणाले.

आमच्याकडे बाप जिता असताना मिशी काढत नाहीत. ती उतरते ती बापाच्या दहाव्याला, नदीकाठी. आणि दोन तासांत आई स्टँडवर उतरून पहिलं माझंच तोंड बघणार होती.

शेजाऱ्याला पाठवतो म्हणालो. "ती कुणाला वळखतीया? तुलाच हुडकणार," आबा म्हणाले. मग थोडा वेळ श्वास घेऊन म्हणाले, "माजी दाढी कर. आन मला ने."

झटका आल्यापासून कुणी बघेल म्हणून दारात न बसलेला माणूस स्टँडवर यायला निघाला होता.

उजवा गाल सैल पडलेला, बोटांनी ओढून धरला तरी निसटत होता. गळ्याशी आलो तेव्हा घाटी वर-खाली हलत होती.

"आबा, गिळू नगासा."

त्यांनी श्वास धरला. डोळे मिटून घेतले. पातं घाटीच्या बाजूनं खर्रकन खाली गेलं. मला त्या क्षणी इतकी भीती वाटली, की वस्तरा टाकून रडावंसं वाटलं. पुसलं तर गळा कोरा, कुठे ओरखडासुद्धा नाही. पण घड्याळात साडेदहा होत आले होते.

मी आणि शेजाऱ्यानं धरून त्यांना रिक्षात बसवलं. ठरलं असं, की रिक्षा फलाटासमोर लावायची, आबा पुढे दिसतील असे बसवायचे आणि मी तोंडाला टॉवेल गुंडाळून मागे राहायचं. स्टँडवर पोचलो तर गाडी आधीच लागलेली. उतारू पांगत होते. आई गठुडं काखेत मारून भलत्याच दिशेला निघाली होती. मी सगळं विसरून धावलो. धावताना टॉवेल कुठे पडला, कळलंही नाही.

तिनं वळून पाहिलं. नजर माझ्या ओठावर आली आणि तिथंच थांबली. गठुडं सुटलं. ती खाली बसली. आवाज नाही, रडणं नाही, फक्त दोन्ही हात वर आले आणि बांगड्या एकमेकींवर आपटायला निघाले.

"आगं आई, आबा हायत! हायत गं!" मी तिची मनगटं धरून ओरडत होतो. तिला ऐकूच जात नव्हतं. माणसं जमू लागली. एक बाई "पाणी आणा" म्हणाली, आणि मीच मेलो तर बरं, असं मला वाटलं.

तेवढ्यात रिक्षातून हाक आली.

आबांनी आईला नावानं हाक मारलेली मी सव्वीस वर्षांत ऐकली नव्हती. "अगं", "ऐकलं का", फार तर माझ्या नावापुढे "ची आई". तिचं नाव मी रेशन कार्डावरच वाचलेलं. वाकड्या तोंडातून निम्मी अक्षरं सांडत, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, त्यांनी ते नाव घेतलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेताना त्यांचा आवाज फाटला.

आईचे हात थांबले. तिनं मान वळवली. रिक्षात आबा बसले होते, गुळगुळीत दाढी, डावा हात वर.

ती उठली, घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्याकडे जात लाजून म्हणाली, "आवं, हळू! लोकं बघत्यात."