सहा क्वेऱ्यांचा हट्ट

रक्तपेढीत सगळे तिला क्वेरीताई म्हणत. ती आली होती नोंदणीच्या खिडकीवर कारकून म्हणून. पण रक्तदात्यांची साधी यादी हवी असली तरी संगणकवाल्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागायच्या. त्याला कंटाळून ती स्वतःच डेटाबेसची भाषा शिकली. अठरा वर्षांत दोनशे क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला माहिती विचारणारे प्रश्न, तिने हाताने लिहिल्या.

नवे विभागप्रमुख आले आणि पहिल्याच बैठकीत म्हणाले, "हाताने क्वेरी लिहिणं बंद. आता ओआरएम फ्रेमवर्क. आपण प्रोग्राममध्ये फक्त रक्तदाता मागायचा, क्वेरी ते स्वतः बनवेल."

"सगळ्याच क्वेऱ्या?" तिने विचारलं.

"सगळ्याच."

आता ही आदळआपट करणार, असं सगळ्यांना वाटलं. तिने मुकाट्याने फ्रेमवर्क शिकून घेतलं. महिनाभरात स्वतःच्याच एकशे चौऱ्याण्णव क्वेऱ्या पुसून टाकल्या. "ह्या ते माझ्यापेक्षा बऱ्या लिहितं," असं उघड कबूलही केलं.

उरल्या सहा. त्यातली एक तातडीच्या रक्ताचा शोध घेणारी. फ्रेमवर्कने तिथे आधी नऊशे पिशव्यांची यादी आणली, मग एकेका पिशवीच्या तपासण्या वेगवेगळ्या विचारत बसलं. चौदा सेकंद! सगळ्या तपासण्या एकदम विचारायला लावून तिने ते दोन सेकंदांवर आणलं. तिची स्वतःची क्वेरी पापणी लवायच्या आत उत्तर द्यायची.

ती प्रमुखांच्या केबिनमध्ये गेली. "ह्या सहा मी बदलणार नाही."

"दोन सेकंदांनी काय आभाळ कोसळतं?"

"सेकंदांचं सोडा, साहेब. फ्रेमवर्कने बनवलेली क्वेरी दीड पान आहे. बिघडली तर वाचणार कोण?"

"आणि तुम्ही गेल्यावर तुमची कोण वाचणार?"

हे मात्र तिला झोंबलं, कारण ते खरं होतं.

घरी सासूबाईंनी तिचा चेहरा पाहिला. "नोकरी जाणार का गं?"

"गेली तर गेली. मी हटणार नाही."

"मग आधी जेव. उपाशीपोटी भांडण नीट होत नाही."

पुढचे आठ दिवस तिने त्या सहा क्वेऱ्यांच्या प्रत्येक ओळीशेजारी ती ओळ काय करते ते साध्या भाषेत लिहिलं. मग रक्ताच्या पिशव्या देणाऱ्या खिडकीवरच्या तंत्रज्ञ बाईंना घेऊन ती थेट बैठकीत शिरली. बाईंना प्रोग्रामिंगचा गंधही नव्हता. तरी तातडीच्या रक्ताची ती अकरा ओळींची क्वेरी त्यांनी सगळ्यांसमोर वाचली, प्रत्येक ओळ समजावून सांगितली आणि वर म्हणाल्या, "ताई, पिशवीची मुदत आज संपत असेल तर? ती आज रात्रीपर्यंत चालते, पण इथे आजची तारीख धरलेली नाही."

चूक क्वेरीताईचीच होती. ती ओशाळली, पण मागे सरली नाही. "बघा साहेब," ती म्हणाली, "वाचता आली म्हणून सापडली."

प्रमुखांनी बाईंच्या हातातला कागद घेऊन ती ओळ स्वतः वाचली. "ठीक आहे. सहा क्वेऱ्या राहू देत. पण फक्त एक वर्ष."

"चालेल," ती म्हणाली. "वर्षाने पुन्हा भांडू." आणि तिथेच उभ्या उभ्या तिने तारखेची ओळ दुरुस्त केली.