गटातला प्रॉब्लेम

"तुमच्या यादीला हे विचारत नसतील."

आमच्या गटातला एक मुलगा असं म्हणाला. मी फळ्याजवळ उभी होते, हातात खडू. सगळे हसले. सरही हसले, पण ओठ मिटून. नंतर कुणी विचारलं तर हसलोच नाही म्हणता यावं, असं.

झालं होतं एवढंच. मी एक प्रश्न विचारला होता.

मी धुळ्याला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. नव्वद साल उलटून गेलं होतं. पॅथॉलॉजीचे सर मुंबईला कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि येताना शिकवायची नवी पद्धत घेऊन आले. लेक्चर बंद. एका टेबलाभोवती सात-आठ जणांनी बसायचं. सर एक कागद देणार, त्यावर एका पेशंटची हकीकत. त्या कागदाला म्हणायचं प्रॉब्लेम. गटानं बोलायचं, यातलं आपल्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही. एकानं ते फळ्यावर लिहायचं. मग प्रश्न वाटून घ्यायचे, लायब्ररीत शोधायचे आणि पुढच्या बैठकीत एकमेकांना शिकवायचं.

सर पहिल्याच दिवशी म्हणाले, इथं माहीत नाही म्हणायची लाज बाळगायची नाही, शिकणं तिथूनच सुरू होतं. मला ते फार आवडलं. खरंच आवडलं. शाळेपासून मी ती लाज पोटात घेऊनच बाकावर बसत आले होते.

पहिला प्रॉब्लेम काविळीचा होता. अनघा म्हणाली, "सर, लिव्हरला रक्त दोन वाटांनी का जातं, ते मला नीट माहीत नाही." सर म्हणाले, "वा. घ्या हा प्रश्न फळ्यावर." मी लिहिला. मग वळून मी म्हटलं, काविळीत डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन तयार कुठं होतं, तेही मला माहीत नाही. त्यावर ते यादीचं वाक्य आलं. राखीव जागांची यादी. सर म्हणाले, हे पहिल्या वर्षाचं आहे, एवढं तरी यायला हवं.

अनघाचा प्रश्नही पहिल्या वर्षाचाच होता. पण तिचं माहीत नसणं म्हणजे जिज्ञासा. माझं माहीत नसणं म्हणजे पुरावा. खडू माझ्या हातात होता आणि माझा प्रश्न मी फळ्यावर लिहिला नाही.

अनघा जळगावची. वडील डॉक्टर, आई डॉक्टर. घराखाली दवाखाना. ज्या जाड पुस्तकाची लायब्ररीत एकच प्रत होती, तीही कुलपात, ते पुस्तक तिच्या खोलीत उशाशी पडलेलं असायचं. अडलं की ती संध्याकाळी एसटीडी बूथवर जायची. दुसऱ्या दिवशी गटात म्हणायची, "पप्पांनी सांगितलं." तिच्या पुस्तकापेक्षा मला ते वाक्य हवं होतं. पप्पांनी सांगितलं.

माझा बाप पाटकरी. भडगाव तालुक्यात गिरणेच्या पाटाच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळायचा. गावाबाहेर आमची भिलाटी, भिल्लांची वस्ती. मी आश्रमशाळेत शिकले, मग हॉस्टेलांमध्ये. बापानं मला सांगितलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण त्यातली एकही त्या टेबलावर चालणारी नव्हती.

मी तिच्यावर जळायचे. दुसरा शब्द नाही. ती इंग्रजीत बोलताना मध्येच थांबायची, शब्द शोधायची, तर ते थांबणंसुद्धा शोभून दिसायचं. मी हॉस्टेलच्या न्हाणीघरात बादलीत नळ सोडून तिच्यासारखं बोलून बघायचे. परीक्षेच्या आधी तिला ताप यावा असं मला वाटायचं. फार नाही, थोडा. आणि ती वाईटही नव्हती. नोट्स द्यायची, डबा पुढं करायची. वाईट असती तर जळणं सोपं गेलं असतं.

फळ्यावर लिहायचं काम पाळीपाळीनं फिरायचं असा नियम होता. माझ्यापाशी येऊन ते थांबलं. तुझं अक्षर छान आहे, असं सगळे म्हणायचे. टेबलाभोवतीची माझी खुर्ची रिकामीच असायची. तिच्यावर दप्तरं ठेवलेली असायची.

मग तो प्रॉब्लेम आला. थंडीचे दिवस होते. अनघानं कागद वाचला. आदिवासी मुलगा. हातापायांत वारंवार असह्य दुखणं. डोळे पिवळे. मधूनमधून ताप. वाढ खुंटलेली. मी लिहीत होते आणि माझा हात थांबला.

माझा धाकटा भाऊ. त्याचे पाय हिवाळ्यात असे दुखायचे की माय रात्रभर मांडीवर घेऊन चोळत बसायची. डोळे हळदीसारखे. तालुक्याचा डॉक्टर इंजेक्शन द्यायचा आणि काय झालंय ते सांगायचा नाही. भगत अंगारा द्यायचा, तो निदान काहीतरी सांगायचा. भाऊ चौथीत गेला. चौथीतच संपला.

मी खडू ठेवला आणि बोलले. त्या टेबलाशी पहिल्यांदा सलग बोलले. मराठीत. पाय कसे दुखायचे, पोटात डावीकडं गाठ कशी लागायची, पावसात भिजला की कसं वाढायचं. कुणी हसलं नाही. सर पुढं वाकून ऐकत होते. त्या दिवशी मला वाटलं, मी या टेबलाची झाले.

पुढच्या बैठकीत अनघानं सगळं मांडलं. सिकल सेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, म्हणून ते दुखणं. आईबापाकडून येतं. आमच्या भागात कुठल्या जमातींत जास्त सापडतं, तेही तिनं सांगितलं. आणि मध्ये माझा भाऊ घातला. नेटका. आधी हे, मग ते, मग प्लीहा वाढली, मग मृत्यू. एक शब्द जास्त नाही.

माझ्या भावाचं मरण तिनं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. ऐकताना माझ्या छातीत जे झालं ते दुःख नव्हतं. जळणं होतं. भावाच्या मरणावरूनही मी तिच्यावर जळत होते.

सरांनी तिचं कौतुक केलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आज आपला प्रॉब्लेम कागदावर नाही. आपल्या गटातच बसलाय. ये, बोट पुढं कर."

टेबलावर मायक्रोस्कोप होता, काचा होत्या, स्पिरिटचा बोळा होता. सगळी तयारी आधीच केलेली. बहुधा गटातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ त्या आजारानं गेला असेल तर बहिणीच्या रक्तात त्याचा अंश असू शकतो, म्हणून माझा थेंब. सगळे खुर्च्या सरकवून जवळ आले. मला पहिल्यांदाच टेबलाच्या मधोमध जागा मिळाली.

माझं बोट पुढं गेलं होतं. मी कबूल करते, गेलं होतं. सर म्हणतात म्हटल्यावर हात आपोआप जातो, तशीच सवय लावलेली असते. स्पिरिट गार लागलं. मी हात मागं घेतला.

म्हटलं, "सर, मी इथं शिकायला आले. मी प्रॉब्लेम नाही."

सर समजावू लागले. साधी टोचणी, विज्ञानात लाज कसली, उलट तुझाच फायदा. मी म्हटलं, चाचणी शिकायची तर सगळ्यांचं रक्त घ्या. मला वाटलं, मी जिंकले.

अनघानं लगेच बाही वर केली. "घ्या सर, माझं आधी."

सर खूष झाले. एकेकाचं बोट टोचलं गेलं. एकेक काच तयार झाली, त्यावर औषधाचा थेंब, वरून पातळ काच. थांबायचं, मग बघायचं. थांबण्याच्या वेळात चेष्टा चालली, कुणाचं रक्त निळं वगैरे. सगळ्यांच्या पेशी गोल. मग सगळे माझ्याकडं वळले.

सर म्हणाले, "आता तर सगळ्यांनी दिलं. तुझीच अट होती."

खोलीत सगळेच माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी ज्याला बरोबरी म्हणत होते, तिचाच फास झाला होता. बोट देण्यात अनघाचं काय गेलं? काही नाही. उलट तिच्या पदरात शाबासकी पडली. माझ्या काचेवर विळा दिसला असता तर तो कॉलेजभर झाला असता, हॉस्टेलात झाला असता, मला बघायला येणाऱ्या घरापर्यंत पोचला असता.

मी म्हटलं, "यांना आधीच ठाऊक होतं आपलं काय निघणार ते. मला ठाऊक नाही. मी देणार नाही."

सरांचा चेहरा उतरला नाही, फक्त बंद झाला. ते म्हणाले, हीच तर अडचण आहे, तुम्हा लोकांना मदत केलेली चालत नाही. त्या सत्रात गटातल्या सहभागाचे मार्क मला जवळजवळ मिळालेच नाहीत. लेखी परीक्षेनं तारलं, काठावर.

अनघाला तो विषय घेऊन पुण्याच्या परिषदेला पाठवलं. माझा भाऊ भडगावच्या पुढं कधी गेला नव्हता. तिच्या स्लाइडवर बसून पुण्याला गेला.

सुट्टीत घरी गेले तेव्हा मायला सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, कसा होतो ते सांगितलं. आईबापाकडून येतो, हे गिळलं. माय भाकरी थापत होती, थांबली नाही. पुण्याचं सांगितलं तेव्हा मात्र थांबली. म्हणाली, "तो मना पोऱ्या व्हता. त्यास्ले काय माहीत शे?"

परत आल्यावर एका दुपारी लॅबमध्ये कुणी नसताना मी स्वतःचं बोट स्वतः टोचलं. काच तयार केली. थांबले. बघितलं. काच धुतली, पुसली, जागेवर ठेवली.

वर्ष संपताना बाहेरचे पाहुणे प्राध्यापक नवी पद्धत बघायला आले. हॉल भरला. सरांनी अनघाला बोलावलं. पडद्यावर अक्षरं उमटली, आदिवासी मुलगा, वय अमुक, दगावला. तिनं सुरुवात केली, तशीच नेटकी. मी मागच्या रांगेतून उठले. चालत पुढं गेले.

"अनघा, तू बस. हे मी सांगते."

तिनं सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. ती बसली. बसतानाही तिला छान बसता आलं, आणि मला तेव्हाही तिचा हेवा वाटला.

मी पाहुण्यांना म्हटलं, या मुलाचं नाव किसन. हा माझा भाऊ. याची हकीकत न विचारता इथवर आणली आहे. पुढचं मी मराठीत बोलले, काही वाक्यं अर्धी राहिली, एकदा रडू आलं ते गिळलं. चौथीचं पुस्तक तो उशाशी घेऊन झोपायचा, हेही सांगितलं, प्रॉब्लेममध्ये त्याची गरज नव्हती तरी. संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. सर घड्याळ बघून म्हणाले, आपण चहाला थांबू.

अनघा आज मोठी डॉक्टर आहे. मीही डॉक्टर आहे, लहान. तिचं नाव ऐकलं की अजून जळते आणि ते जळणं मी विझवणार नाही, त्याच्याच उजेडात मला माणसं नीट दिसतात.

किसनबद्दल जे सांगायचं ते मी सांगेन. मला येईल त्या भाषेत, अडखळत, पण मीच. आणि त्या दुपारी काचेवर काय दिसलं, ते माझं आहे. ते मी सरांना सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.