तोंडातली पट्टी

अम्मानं आयुष्यभर विड्या वळल्या. बोटांवरच आमचं घर चाललं, आणि साखर तपासायची म्हणजे त्याच बोटांना सुई. टोचलेल्या बोटानं पान नीट वळत नाही म्हणून ती कुरकुरायची. मी सोलापुरातच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. लाळेतून साखर ओळखणारा सेन्सर हेच माझं काम. खालच्या दातांवर चढवायची पातळ पट्टी, आकडा थेट मोबाईलवर. मी तिला सांगून टाकलं, आता सुई बंद.

ते सगळं अजून प्रयोगाच्याच पायरीवर होतं. घरी वापरायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मला भारी शहाणपणा सुचला होता. सकाळ-संध्याकाळ अम्मा अर्धा तास पट्टी घालून गप्प बसायची. पोरानं शेवटी आईचं तोंड बंद केलं, म्हणून गल्लीतल्या बायका चेष्टा करायच्या. आकडे इतके छान येत की मी हुरळून गेलो. तीन महिने तिला डॉक्टरांकडे नेलंच नाही. पायाच्या अंगठ्याला जखम झाली तर तिनं हळद भरली आणि मला सांगितलंही नाही. आकडा चांगलाच होता ना.

ताप चढला तेव्हा दवाखान्यात रक्त तपासलं. साखर भलतीच वाढलेली, जखमेचं विष अंगभर पसरलेलं. आमच्या पट्टीवर असं काही दिसलंच नाही, म्हणून मी नर्सवरच तणतणलो. तिनं शांतपणे अम्माला विचारलं, पट्टी घालता कशी? घरी आम्ही तेलुगू बोलतो. नर्सशी अम्मा मराठीत बोलली, आणि मोठ्या अभिमानानं.

"पोराच्या कॉलेजची वस्तू हाय की. उष्टी कशी करायची? चार-पाच येळा खळाखळा चूळ भरल्याबिगर तोंडात घालतच न्हवते."

धुतलेल्या तोंडात साखर कुठून सापडणार? हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. तिला मात्र एवढंच बजावलं होतं, पट्टी स्वच्छ ठेव. भांड्याला ओठ न लावता वरून पाणी प्यायला मला तिनंच शिकवलं होतं. मला कळायला हवं होतं. त्या क्षणी मला माझी किळस आली.

माझा चेहरा बघून तिनं विचारलं, काय झालं? मशीन बिघडलं होतं, मी म्हणालो.

तिला फार वाईट वाटलं. स्वतःच्या पायाचं नाही, माझ्या मशीनचं. तिसऱ्या दिवशी ती गेली. तोवर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, पोरानं लई मन लावून केलं होतं.