ताईंच्या गावात बसायचं नाही

माझ्या नणंदेच्या घरी जाऊन विश्रांती घेऊन परतलेला माणूस या पृथ्वीवर नाही. असला तर मला त्याला भेटायचं आहे आणि त्यानं ते कसं जमवलं ते विचारायचं आहे. कोकणातल्या एका लहानशा बंदरगावात त्या राहतात. गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही जाल, वाळूत निवांत बसाल, आणि बसलेलं माणूस दिसलं की ताई तुम्हाला गाठतील. त्यांचं माहेर, म्हणजे आमचं घर, नाशिकचं, पण विशीत या बंदरगावातल्या सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून लागल्या, बंदर कचेरीतल्या कारकुनाशी लग्न केलं आणि तिथल्याच झाल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर माणसं सहसा देवाधर्माला किंवा शेजाऱ्यांच्या सुनांना लागतात. ताई गाव दाखवायला लागल्या.

दवाखान्यातली नोकरी सुटली तरी हात मात्र तोच राहिला. प्रेक्षणीय स्थळं त्या औषधासारखी देतात. सकाळी उपाशीपोटी दीपगृह, न्याहारीनंतर डोंगरावरची देवी, जेवणावर पाऊण तासाने खाडीतली होडी, आणि ऊन कलल्यावर कोट. डोस चुकवलेला त्यांना चालत नाही. नाशिकहून कसारा घाट उतरून, मुंबईची गर्दी चुकवत, खड्डे मोजायचंही सोडून देऊन आम्ही दिवेलागणीला त्यांच्या अंगणात पोचतो. कमरेचे टाके ढिले झालेले असतात. आणि दारातून पहिलं वाक्य येतं, "चपला काढू नका. ओहोटी लागलीये. आत्ता आलात तर खेकड्यांची रांगोळी दिसेल." ही रांगोळी म्हणजे बोटाच्या पेराएवढे खेकडे बीळ उकरताना वाळूच्या बारीक गोळ्या करून टाकतात ती. मी ती विजेरीच्या उजेडात, भर पावसाळ्यात छत्रीखाली आणि एकदा अंगात ताप असताना पाहिलेली आहे. तापाचं सांगितल्यावर ताईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "अंग कोमट आहे फक्त. वाऱ्यावर जाईल." ताप खरंच गेला, याचा मला जास्त राग आला.

नातेवाईक पुरेनात म्हणून त्या परक्यांनाही सोडत नाहीत. सुरूच्या झाडांखाली हातात हात घालून बसलेल्या एका नवीन जोडप्याला त्यांनी "इथे काय बसलाय, एकमेकांकडे घरीही बघता येतं," असं म्हणून उठवलं आणि चिखलातून तिवरांचं बन दाखवायला नेलं. नवरीचे मेंदीचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. दुसऱ्या एका खेपेला नामपूरचे चार कांद्याचे व्यापारी जीप करून आले होते. समुद्रात डुंबावं, मासे खावेत, एवढाच त्यांचा साधा बेत. ताईंनी त्यांना दोन दिवसांत देवीचा डोंगर, दीपगृह, सुपारीच्या वाड्या आणि होड्या बांधायची जागा असं सगळं दाखवलं. शेवटी त्यांच्यातला सगळ्यात जाडजूड गृहस्थ डोंगराच्या पायरीवर मटकन बसला आणि हात जोडून म्हणाला, "माय, आम्ही समुद्र देखाले उनूत. समुद्र कोठे शे?" ताईंनी छत्रीच्या टोकानं खाली दाखवला. "तो काय. तो कुठे पळून जातोय?" गंमत म्हणजे ते जोडपंही पुढच्या वर्षी परत आलं आणि व्यापाऱ्यांकडून दर हंगामाला ताईंकडे कांद्याची गोणी येते. त्यामुळे ताईंना आपलं काही चुकतंय असा संशय यायची सोयच उरली नाही.

माझे यजमान बँकेत अधिकारी आहेत. नाशिकच्या इंदिरानगरात त्यांना लोक दबून असतात. पण ताईंच्या गावात ते पिंट्या असतात. "पिंट्या, टोपी घाल," "पिंट्या, त्या दगडावर पाय देऊ नको," असं भर बाजारात ऐकू आलं की पोट सावरत, टक्कल पुसत हा पिंट्या मुकाट्यानं टोपी घालतो. बँकेतल्या कुणी ते पाहिलं तर कर्जवसुली बंद पडेल.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ताईंच्या शेजारणीचा फोन आला. ताई अंगणात चक्कर येऊन पडल्या होत्या. आपणच उठल्या, आपणच पाणी प्याल्या, आणि "कुणाला कळवू नको" असं तिला बजावलं. म्हणून तिनं लगेच कळवलं. पिंट्यानं, म्हणजे यांनी, त्याच दिवशी ठरवलं, की बस झालं, आता ताईला कायमचं नाशिकला आणायचं. खालची खोली रिकामीच होती. रजा टाकून आम्ही निघालो.

आम्ही कशाला आलोय हे ताईंना आम्ही अंगणात पाऊल टाकल्याबरोबर कळलं. मग त्यांनी जो सपाटा लावला, तसा त्या नामपूरकरांच्या नशिबीही आला नसेल. यांनी "ताई, मी काय म्हणतो..." असं म्हणायला तोंड उघडलं, की ताईंची छत्री वर व्हायची. "ते बघ, घार." होडीत यांनी पुन्हा सुरुवात केली. "ताई, तब्येतीचं..." "हात पाण्यात घाल, पिंट्या. इथे खाडीचं पाणी थंड आणि समुद्राचं कोमट लागतं." यांनी हात घातला. बाही कोपरापर्यंत भिजली आणि विषय वाहून गेला. जेवताना बोलू म्हटलं तर ताटात खेकडे, आणि खेकडा खाताना गंभीर बोलता येत नाही. मी चिडून यांना म्हटलं, "तुमची बहीण आपल्याला पळवून पळवून मारणार, आणि मग एकटीच राहणार."

दुसऱ्या दिवशी कोटाच्या मागच्या बाजूला त्यांनी आम्हाला नेलं. तिथे खाली पायऱ्या उतरतात आणि खडकात एक भोक आहे. भरतीची लाट खालून शिरली की त्या भोकातून पाणी फवाऱ्यासारखं उडतं. ताई पुढे, मागे हे, त्यांच्या मागे कंबर धरून मी. ताईंची पाठ आपल्याकडे आहे आणि त्यांना छत्री उगारता येणार नाही, हे पाहून यांनी एका दमात सांगून टाकलं, "ताई, तू आता आमच्याकडे राहायला चल. एकटं राहायचं नाही!"

ताई उत्तर द्यायला वळल्या आणि शेवाळावरून पाय सटकला. तीन-चार पायऱ्या बसतच खाली गेल्या. आम्ही धावलो. घोटा बघता बघता वांग्यासारखा सुजला. ताईंनी स्वतःच चाचपून पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "मोडलाय."

"मी उचलतो," हे म्हणाले.

"थांब. भरती येतेय. पाणी उडेल, ते बघून जाऊ."

"अगं, पाय मोडलाय तुझा!"

"पाणी न बघता गेलं तर पाय जुळणार आहे का?"

माझा संताप असा अनावर झाला, की मी तिथेच खडकावर बसले आणि रडायला लागले. इतक्या वर्षांत त्या गावात मी पहिल्यांदा बसले, तेही रडायला. हे दुसऱ्या दगडावर बसले. ताई आमच्यामध्ये पाय लांब करून. मग ताईच बोलल्या, समुद्राकडे बघत.

"मला कळत नाही का रे तू कशाला आलास ते? चांगली खोली द्याल, हिच्या हातचं गरम खायला मिळेल. पण पिंट्या, इथे माणसं येतात, त्यांना मी काहीतरी दाखवते. तिथे आले, की माणसं मला बघायला येतील."

तेवढ्यात खालून धप्प असा आवाज झाला आणि पाणी उडालं. चांगलं पुरुषभर उंच. आम्ही तिघंही चिंब भिजलो. "बघितलंस?" ताई वेदनेनं पांढऱ्या पडल्या होत्या आणि हसत होत्या. मग यांनी त्यांना पाठुंगळीला घेतलं. लहानपणी ताई यांना घ्यायच्या तसं. धापा टाकत एकेक पायरी चढणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून ताईंचं बोट पुढे आलं. "पिंट्या, डावीकडे बघ. तो बुरूज नंतर बांधलेला आहे."

पायाला प्लास्टर घातलं आणि आम्ही त्यांना नाशिकला आणलं. दुसरा इलाजच नव्हता. खालच्या खोलीत खिडकीशी पलंग टाकला. नातेवाईक यायचे, सफरचंदं ठेवायचे, "आता कसं वाटतंय?" विचारायचे. ताई "बरंय" म्हणायच्या. पहिला आठवडा मला फार बरं वाटलं. घरात कुणी मला कुठे नेत नव्हतं. मग हळूहळू ती शांतता टोचायला लागली. त्या चहा दिला की घ्यायच्या, गोळी दिली की गिळायच्या. टीव्ही लावला तर बघायच्या, बंद केला तर बंद. एके रविवारी मी म्हटलं, "ताई, चाकाची खुर्ची आणलीये, गोदाकाठी गंगेवर जाऊन येऊ? तुमच्या लहानपणचा घाट किती बदललाय बघा." त्या म्हणाल्या, "नको गं. तुला दगदग."

दगदग! हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले आणि यांना म्हटलं, "प्लास्टर निघालं की त्यांना परत सोडून या."

"पुन्हा पडली तर?"

"पडतील. आपण पुन्हा धावत जाऊ. पण इथे त्या रोज थोड्या थोड्या पडताहेत, ते मला बघवत नाही."

हे चष्मा काढून पुसत बसले.

शेजारीण सोबतीला झोपायला येईल, रोज फोन करायचा, रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, अशा बोलीवर ताई परत गेल्या. बोली त्यांनी दवाखान्यातल्या एखाद्या हट्टी पेशंटचं ऐकून घ्यावं तशी ऐकून घेतली.

या हिवाळ्यात आम्ही पुन्हा जाऊन आलो. पाय जुळला, पण पूर्वीसारखा नाही. पुळणीवर, वाळूत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवलेली असते, तिथपर्यंत काठी टेकत येतात. त्याच्या पुढे नाही. हे खुर्चीशेजारी वाळूत आडवे झाले आणि घोरायला लागले. मीही डोळे मिटले होते.

"अगं," ताई म्हणाल्या, "खाडीच्या मुखाशी परदेशी पक्षी उतरलेत म्हणे. माझ्याच्यानं तिथवर होत नाही. तू जाऊन येतेस?"

भर उन्हात, वाळूतून. मनातल्या मनात चरफडत मी गेले. पाण्याच्या कडेला पांढरे पक्षी सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे होते. मी थोडा वेळ उभी राहिले. परत येऊन घाम पुसत त्यांना म्हटलं, "आहेत. पांढरे आहेत."

"पांढरे आहेत म्हणजे काय? चोच कसली होती? पाय?"

"पाहिली नाही हो ताई."

"काय बाई तू! इतकी चालत गेलीस आणि चोच पाहिली नाहीस?" त्या रागावल्या. मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी डोळे मिटले. "बरं, राहू दे. वारा कुठून होता? पाणी कसं दिसत होतं? पहिल्यापासून सांग."

मी वाळूत बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.