लोखंड, गंधक आणि चाचा

बाटलीचं बूच काढलं की चाचा ती नाकापासून वीतभर लांब धरायचे आणि दुसऱ्या हाताने वारा घातल्यासारखं करून वास आपल्याकडे घ्यायचे. "वासाला बोलवायचं असतं, त्याच्या घरात घुसायचं नसतं." हे प्रत्येक नव्या वर्गाला ऐकावंच लागे.

सायखेड्याच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा परिचर होते, मी विज्ञानाची शिक्षिका. नाशिकहून आम्ही एकाच एसटीने यायचो. मूलद्रव्य, संयुग मी फळ्यावर शिकवायचे, पण खरं सांगते, मुलांना ते कळायचं चाचांच्या टेबलापाशी. लोहकीस आणि गंधकाची पूड कागदावर कालवून ते वरून चुंबक फिरवत. कीस टपकन चिकटे. "हे मिश्रण. अजून ज्याचा तो." मग तेच परीक्षानळीत तापवत. काळा गोळा होई, चुंबकाला दादच देत नसे. "हे संयुग. लोखंड यातच हाय, पण आता हाक मारून येणार नाय."

एका वर्षी मोठ्या तापातून उठून आले आणि त्या काळ्या गोळ्यावर त्यांनी आम्ल टाकलं. सडक्या अंड्यांचा वास सुटला. मुलं नाक दाबून व्हरांड्यात पळाली, पाठोपाठ मीही. आत चाचा एकटेच नळी धरून उभे.

"काय झालं, मॅडम?"

आम्ही पोट धरून हसलो. मग माझं हसू थांबलं. त्यांना वास येतच नव्हता.

"सरांना सांगू नका," ते नंतर म्हणाले. "माझं नाक म्हणजेच माझी नोकरी हाय."

आठवडाभर मी गप्प बसले. पण लॅबमध्ये मुलं, अमोनिया, गॅस. शेवटी मुख्याध्यापकांना सांगितलं. चाचांना फाटकावर बसवलं. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

यंदा एका मंगळवारी त्यांनी फाटकाशीच विचारलं, "आज आठवीचं लोखंड-गंधक ना? मागं उभा राहू का?"

"सर रागावतील, चाचा," म्हणत मी आत गेले. मला घाई होती.

त्याच आठवड्यात ते गेले. हृदय बंद पडलं. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तर चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या. खुंटीवर लॅबचा कोट, इस्त्री केलेला. रोज तो पिशवीत घालून न्यायचे म्हणे. फाटकाचं त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं.

"मंगळवारी बहोत खूश होते," चाची म्हणाल्या. "म्हणले, मॅडमनी आज लोखंड-गंधक माझ्याकडूनच करून घेतलं. बराबर झालं ना ते?"

"हो," मी म्हणाले. "चाचांनीच केलं."