रुमालाखालची बोटं

निलंग्याकडच्या त्या खेड्यात सिंधूला कुणी हुशार म्हणत नसे. हट्टी म्हणायचे. बाईला अक्कल असली की गाव तिला हट्टीच म्हणतं. नवरा वारला, ती माहेरी आली आणि थोरल्या भावाला, शेषेरावाला, म्हणाली, "दादा, एका कोंबडीवर माझी पिठाची गिरणी उभी करून दाखवते. कुणाचा रुपया घेणार न्हाई."

कोंबडीच्या शेळ्या झाल्या. साथ आली, निम्म्या शेळ्या गेल्या, तरी ती डगमगली नाही. उरलेल्या विकून तिनं देवणी जातीचा एकच गोऱ्हा घेतला. होतं नव्हतं ते एका दाव्याला बांधलं! गाव हसलं. मग मात्र ती थांबली. दारात आलेल्या व्यापाऱ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. दादा चिडायचा, "अगं, उद्या त्याचा पाय मोडला तर?"

"चार दात येऊ दे. चौसा झाला की भाव लई वर जातो."

गोऱ्हा चौसा झाला अन् भावंडांनी बाजार गाठला. तिथं किंमत तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबायची. एका बोटाला दहा हजार. सिंधूला हे सगळं पाठ. तिनंच दादाला बजावलं होतं, "नऊ बोटांच्या खाली सोडायचा न्हाई. गिरणी, मोटार, मीटर, सगळं तेवढ्यातच बसतं. न्हाई जमलं तर गोऱ्हा घरी."

व्यापाऱ्यानं रुमाल झटकला. सिंधूनंच हात पुढं केला.

"बाईचा हात रुमालाखाली? मावशी, आमाला बाजारात तोंड दाखवायचंय!"

भोवतालचे फिदीफिदी हसले. साथीला न भ्यालेली बाई चार टवाळांपुढं मागं सरली.

दादाचा हात रुमालाखाली गेला. बराच वेळ ओढाताण चालली. दादानं वळून पाहिलं. सिंधूनं मान हलवली. न्हाई.

"का हो मामा, बहिणीला इचारून बोटं हलवता व्हय? तुमचा बी कासरा तिच्याच हातात हाय जणू!"

हशा उसळला. दादाचे कान तापले. पुन्हा तिच्याकडं न बघता त्यानं हात बाहेर ओढला अन् ओरडला, "दिला!"

बाजारात दिलेला शब्द फिरत नाही. पुरुषाचा तर नाहीच. गोऱ्हा टेम्पोत चढला, टेम्पो निघाला.

सिंधूनं पदराचं टोक आपल्या हातावर टाकलं अन् हात दादापुढं धरला.

"कितीला दिला? दाब."

"घरी गेल्यावर बोलू."

"हितंच दाब, दादा."

शेषेरावानं पदराखाली हात घातला. आधी पाचही बोटं एकदम दाबली. मग एक. सिंधू पुढच्या तीन बोटांची वाट बघत राहिली. दादानं हात पदराखालून काढून घेतला.