सगुणावैनीचा आठवा महिना

बसा मंडळी, बसा. ओ टोपीवाले, खाली बसा की. मागची माणसं तुमचं मुंडकं बघाय आल्याली न्हाईत. सोंग यायला अजून वेळ हाय. दाजीबा आत तोंडाला रंग लावतोय, आन् मिशी काढल्याल्या गड्याची बाई व्हायची म्हंजी वेळ लागायचाच. तवर एक गोष्ट सांगतो. गोड न्हाई, आधीच सांगतो. पण ताजी हाय, आज दुपारचीच. खुद्द दाजीबानंच सांग म्हणून सांगितलंय. आन् गोष्ट झाली की तुमच्याकडं एक मागणं मागणार हाय, तेवढं ध्यानात असू द्या.

मी ह्या मंडळात पेटी वाजवतो. दाजीबा सुतार तुम्हाला ठावंच हाय. सोंगी भजनात गरवार बाईचं सोंग आणावं तर त्यानंच. नऊ महिन्यांची नऊ कडवी, सगळी त्याची सोताची रचल्याली. शाळेत दुसरीच्या पुढं गेला न्हाई. तोंडानं रचतो, आम्ही पाठ करतो. दर महिन्याला त्याची चाल बदलती, बसायची तऱ्हा बदलती, दम लागायचा बदलतो. आन् नवव्याला पदराआडनं लाकडाचं बाळ काढतो, त्यानंच कोरल्यालं, तवा आख्खी जत्रा उठून उभी राहती. बायका सुदीक म्हणत्यात, "मेल्याला ह्ये समदं कसं म्हाईत?" इचारलं की दाजीबा नुसता हसतो. कुठनं म्हाईत ते मला आज कळलं.

तर दुपारी पंगत उठली. आमटी झणझणीत हुती तुमच्या गावची. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून लवंडलो. दाजीबाचा थोरला भाऊ बाळकू, आमचा पखवाजवाला, कडेला बसून पखवाजाला लावायची कणीक मळत हुता. दाजीबानं उशाला सोंगाची उशी घेतली. जी उशी संध्याकाळी त्याच्या पोटाला, तीच दुपारी डोक्याखाली. कायमची सवय हाय त्याची.

आता पुढचं त्यानं मला सांगितलं तसं सांगतो.

डोळा लागतोय न लागतोय. थोरल्याच्या कणकीचा चपचप आवाज येतोय, मग लांबनं येतोय. तेवढ्यात उशीला आतनं धक्का बसतो. दाजीबाच्या गालाखाली. परत बसतो. लाथ.

"उंदीर शिरला जणू," दाजीबा झोपेत म्हणतो.

"उंदीर न्हाई भावजी."

दाजीबा डोळं उघडतो. समोर खांबाला टेकून सगुणावैनी बसलीय. थोरल्याची बायको. एक हात मागं भुईला टेकवल्याला, एक पाय लांब सोडल्याला. अशीच बसायची. तिला जाऊन लई वर्सं झाली. पोटातल्या जिवासकट गेली.

"वैनी? तू हितं कशी?"

"सोंग बघाय आले. माझंच हाय न्हवं? उठा, करून दावा. पहिल्यापासनं."

दाजीबा गडबडीनं उशी पोटाला बांधाय लागतो तर वैनी हसती. गोड हसणं न्हाई ते.

"पहिल्या महिन्यात उशी? ठेवा ती. पहिल्यात काय दिसतंय? बाईला सुदीक कळत न्हाई. तुम्ही मातूर भडाभडा ओकताय. लोकं हसत्यात म्हणून?"

"मग काय करू?"

"भाकरी थापा."

व्हरांडा कवाच गेल्याला. चूल हाय, परात हाय, दाजीबा पिठात हात घालून बसलाय. भाकरी तव्यावर टाकतो, ती फुगती, आन् त्याला एकदम रडू फुटतं. कशानं, त्याचं त्यालाच कळंना. नाकाडोळ्यांतनं पाणी.

"हां," वैनी म्हणती. "ह्यो पहिला. ह्ये तुमच्या कडव्यात न्हाई, कारण मी त्ये कुणाफुडं केलंच न्हाई."

तव्यावर भाकरी करपती. वास नाकात शिरतो. दाजीबा तोंड दाबून दाराकडं पळतो, उंबरा वलांडतो, तर म्होरं अंगण न्हाई. एष्टी हाय. गच्च भरल्याली. हा दांड्याला लोंबकळत उभा, पोट अजून सपाट, त्यामुळं कोण सरकून जागा देत न्हाई. कंडक्टर कोपरानं ढकलून म्हणतो, "मावशे, पुढं व्हा." खिडकीशी वैनी बसलीय. पदरात चुलीच्या मातीची ढेकळं. एकेक तोंडात टाकतीय.

"खा," म्हणून एक दाजीबाच्या तोंडात कोंबती.

ढेकूळ दातांखाली कुरकुरतं आन् दाजीबाला गोड लागतं. अजून पायजे वाटतं. हात पसरतो.

"कडव्यात चिंच घातलीया तुम्ही," वैनी म्हणती. "मला कवा चिंच लागली हो? चिंच दुसऱ्या कुणाची उचलली. माझी तर ही माती हुती. चोरी करायची तर नीट करावी."

एष्टी खड्ड्यात आपटती आन् दाजीबाच्या पोटात, बेंबीच्या खाली, काय तरी सुळ्ळकन फिरतं. पाण्यात मासोळी वळावी तसं. तो गपकन हात लावतो. तोंडावर असं हसू येतं म्हणता, त्यानं मला सांगताना सुदीक आलं.

वैनी उठती आन् त्याचा हात पोटावरनं झटकून टाकती.

"ह्ये न्हाई द्यायचं तुम्हाला. बाकीचं समदं घ्या. ह्ये माझं."

पोट गप. परत काय हलत न्हाई.

एष्टी थांबती आन् दाजीबा उतरतो तो हापशावर. आता पोटाला उशी हाय. कधी बांधली ठावं न्हाई. भिजून जड झाल्यागत वढतीय, कंबरंतनं कळ मारतीय. हापसायला वाकला की दम लागतोय, छातीत जळजळ चढतीय, आन् तांब्याभर पाणी भरूस्तवर दोनदा आडोशाला जाऊन यावं लागतंय. आडोसा लांब. तिथं पोरं खेळत्यात. दाजीबा उशीची गाठ सोडाय बघतो. गाठ पाठीमागं हाय, हात पोचत न्हाई.

"वैनी, सोड की गं ही."

"कशाला? तुम्ही तर सोंग झालं की लगेच सोडता. बिडी पेटवता. मला कोण सोडवणार हुतं?" वैनी म्हणती. "आता पाय बघा तुमचं."

दाजीबा खाली बघतो. पोटाच्या आड काय दिसत न्हाई.

"दिसत न्हाईत."

"मला बी दिसत न्हवते. म्हणूनच तुम्हाला दावले."

आन् हापसा न्हाई. घराचं अंगण हाय. वैनी उंबऱ्यावर बसलीय, पाय पुढं केल्याला. ती गेली तोच दिवस. दाजीबाला कळतं की तोच दिवस हाय, आन् पळावं वाटतं, पण अंग जड. वैनी अंगठ्यानं नडगी दाबती, अंगठा काढती. खड्डा पडतो. फुगून वर यायचं नाव न्हाई. भिजल्या मातीत गाईचा खूर उमटावा तसा.

"बघा की भावजी. तोंड बी फुगलंय, डोकं ठणकतंय. तुमच्या आई, आत्याबाई, म्हणत्यात सूज येतीच. धनी आलं की सांगा, दवाखान्यात न्यायला लागतंय."

मंडळी, थोरला बाळकू तवा ट्रकवर असायचा. जत्रेच्या दिसात तेवढा पखवाजाला यायचा, त्यो बी थेट मांडवात. बायको नवऱ्याला चारचौघांत असलं सांगंल कशी? दिराला सांगितलं. दिरानं तो खड्डा बघितला, आन् त्याला वाटलं, आरं तिच्या, आठव्या महिन्याचं कडवं घावलं! तसाच उठला आन् वाटेनं रचत जत्रंला गेला.

वैनी त्याचंच कडवं त्याला म्हणून दावती, त्याच्याच चालीत, टाळी वाजवून:

"सुजला पाय, सुजला बाई, पोळीवाणी फुगला,
अंगठ्याचा खड्डा पडला, दिवा त्यात लावला!"

"बास कर वैनी."

"का? तुम्ही केलं का बास? मी सांगाय लावलं हुतं. सांगितलंत का?"

"सांगितलं."

"कुणाला?"

दाजीबा उशीची गाठ चाचपतो.

"जत्रेला सांगितलंत. गावोगाव सांगितलंत. पोटं धरून हसली माणसं. माझ्या धन्यानं त्यावर पखवाज वाजवला, तो बी हसला. कुणाचा पाय त्ये त्याला सांगितलं न्हाईत."

बोलता बोलता ती उठती, आन् दोघं मांडवात उभी. ह्योच मांडव बरं का, ह्याच पताका. माणसं गच्च बसल्यात, पण समद्यांच्या पाठीच दिसत्यात. एक सुदीक तोंड वळवून बघंना.

"आता नववा करा," वैनी म्हणती. "तुमचा लई नावाजल्याला."

दाजीबाचा हात सवयीनं पदराआड जातो. बाळ काढतो. वैनी त्येला घेती, उलटंपालटं करती, नखानं टकटक वाजवती.

"साग हाय?"

"साग."

"साग पोटात वाढत न्हाई भावजी. आठ महिने माझे उचलले, चाल उचलली, धाप उचलली. ह्यो नववा कुठनं आणला? माझ्यापाशी हुताच कुठं चोराय?"

"मनानं रचला."

"मनानं?" वैनी बाळ त्याच्या हातात परत ठेवती आन् भुईवर आडवी होती. "मग मला बी करा बाळंत मनानं. करा की. येवढ्या गावांत बाळंत झालासा, मला एकदा करा. मग म्हणा नववा खुशाल."

दाजीबा गुडघ्यावर बसतो. हात पुढं करतो, मागं घेतो. सुताराचा हात, मंडळी, सागाचं बाळ कोरणारा, पण हितं त्येला काय धरायचं त्येच घावंना.

"न्हाई जमत वैनी."

"मग आठव्याला थांबायचं. मी जिथं थांबले तिथं. दिवा बी लावायचा न्हाई. खड्डा दावायचा, आन् उठून आत जायचं."

"असं मधीच? लोकं वरडतील. ह्या वर्साला भजनाच्या चढाओढीची पहिली ढाल आमची ठरल्यागत हाय. मंडळाची पोरं मला जित्ता सोडायची न्हाईत."

"वरडू द्या. मी बी वरडले हुते."

"वैनी..."

"झटकं याय लागलं तवा. दातखीळ बसायच्या आधी वरडले. आत्याबाई दारातनं पळाल्या माणूस बोलवाय. कुणी न्हवतंच गल्लीत, समदी जत्रंला. तुम्ही तिकडं माझ्या पायात दिवा लावत हुता."

वैनी उठून त्याच्यापुढं उकिडवी बसती, आठव्या महिन्यातली बाई बसती तशी, आधी हात टेकून, मग अंग सावरून. त्याची नडगी हातात घेती. अंगठा ठेवती. आन् दाबती, सगळ्या अंगाचा भार घालून.

"आधी कुणाला सांगायचं, कळलं न्हवं आता?"

दाजीबा वरडून उठला. मी दचकलो, पोरं हसली, एकजण म्हणाला, "बाळंत झाला का काय!" उन्हं तिरपी आल्याली. थोरला अजून कणीकच मळत हुता. दाजीबानं धोतर वर केलं आन् नडगीकडं बघत बसला. मग रांगत थोरल्याजवळ गेला, पाय त्याच्यापुढं ठेवला.

"दादा, वैनीनं तुला सांगाय लावलं हुतं. मी सांगितलं न्हाई."

आन् समदं सांगितलं. उंबरा, खड्डा, कडवं. मी हिकडं पडल्या पडल्या ऐकत हुतो, उठायची माझी छाती झाली न्हाई. वाटलं, थोरला आता तांब्या घालतो डोक्यात. बाळकूनं काय केलं न्हाई. मान बी वर केली न्हाई. कणकीच्या गोळ्यात अंगठा रुतवला. मग येवढंच म्हणाला, "त्या कडव्यावर मी लय चढवून दुगण वाजवली हुती रं." आन् गोळा पखवाजाला थापला.

दाजीबाच्या नडगीवरचा खड्डा मी बघितला, मंडळी. दाजीबा काटकुळा माणूस, अंगावर सूज न्हाई, हाडाला नुसतं कातडं. आन् त्या कातड्यात ह्यो येवढा खड्डा. मी माझा अंगठा लावून बघितला. मावला न्हाई. खड्डा बारीक अंगठ्याचा हाय, बाईच्या. तोंडाला रंग लावाय बसला तवापतुर काय तो भरून आल्याला न्हवता. लाकडाचं बाळ सोंगाच्या ट्रंकेत हाय, ते आज भाईर येणार न्हाई.

हां, आला बघा दाजीबा. बाळकूनं थाप दिली.

तर माझं मागणं येवढंच. ढालीचं काय व्हायचं ते हू द्या. ह्यो आठवा म्हणंल, पाय पुढं करंल, आन् उठून आत जाईल. तवा नववा, नववा म्हणून वरडू नका. ज्येला वरडल्याबिगर राहवणारच न्हाई, त्यानं आत्ताच उठून घरी जावं, आन् घरात कुणी उंबऱ्यावर पाय पुढं करून बसली असंल, तर तिच्याजवळ जरा खाली बसावं.